खाज थांबते, नायटा वाढतो

जूनमध्ये पावसाची पहिली झड लागली की आमच्या दुकानात एकच वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा कानावर येतं. "ताई, ती खाजेची ट्यूब द्या." ट्यूबचं नाव कुणी घेत नाही. कुणी झाकणाचा रंग सांगतं, कुणी पार पिळून गुंडाळलेली रिकामी ट्यूब खिशातून काढून काउंटरवर ठेवतं, कुणी शेजारणीने पाठवलेला फोटो मोबाइलवर दाखवतं. बी. फार्म. झाल्यापासून बावीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. गाव यंत्रमागाचं. पत्र्याच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी, घामाने अंगाला चिकटलेलं बनियन, वरून कापसाची धूळ, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे. नायट्याला आणखी काय लागतं?

गेल्या श्रावणात एक बाई दुकान रिकामं होईपर्यंत पायरीशी थांबून राहिली. यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामावर जाणारी, पस्तीस-छत्तिशीची. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आत आली आणि पदर बाजूला करून कंबर दाखवली. परकराच्या नाडीच्या रेषेवर पुढून मागून सलग चट्टा होता. नायट्याला सहसा एकच कड असते, तांबूस, जराशी उचललेली. हिच्या चट्ट्यात कडेच्या आत आणखी एक कड होती, पाण्यात लागोपाठ दोन खडे टाकल्यावर लाटा उठतात तशी. दीड वर्ष ती ट्यूब लावत होती. एक संपली की दुसरी. जांघेत आता बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तसे वळ उठलेत, असं तिने खाली बघत सांगितलं. "लावली की दोन दिवसांत थंड वाटतं ताई, सोडली की दुप्पट." घरात नवरा, सासू, दोन पोरं. पाचही जणांना तोच त्रास, पाचही जणांत तीच एक ट्यूब. टॉवेलही एकच.

मी तिची ट्यूब उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. क्लोबेटासॉल, मायकोनॅझोल, निओमायसिन. यातलं बुरशी मारणारं औषध फक्त मधलं. निओमायसिन जिवाणूंवरचं, नायट्याशी त्याचा संबंध नाही, उलट त्याचीच अ‍ॅलर्जी पुष्कळांना होते. आणि क्लोबेटासॉल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात जहाल, हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टेरॉइडच्या शेकडो पट ताकदीचं. इतक्या वर्षांत मी याहून विचित्र मिश्रणं पाहिली आहेत. ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल ही जोडी आपल्याकडे जुलाब-आमांशाच्या गोळीत असते, आणि तीच जोडी नायट्याच्या मलमातही घातलेली मी विकली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, चार औषधं म्हणजे चौपट गुण. खाज कशाचीही असो, एकातलं एक तरी लागू पडेल, या हिशोबावर ही ट्यूब बेतलेली आहे. ही ट्यूब निदान करण्याचे कष्ट वाचवते, आणि त्याची किंमत रोग्याची कातडी भरते.

हे कसं घडतं ते समजून घ्यायला अवघड नाही. नायट्याची बुरशी आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातलं केराटिन हे प्रथिन खाऊन जगते. ती एका ठिकाणी रुजते आणि बाहेर-बाहेर पसरत जाते, म्हणून चट्टा गोल. शरीर तिला ओळखतं, तिथे रक्त धावून येतं, लाली येते, खाज सुटते. ती लाली आणि खाज ही आपल्या शरीराची लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. एका रात्रीत खाज जाते, लाली उतरते, कड बसते, आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. ती पसरते, केसांच्या मुळांत उतरते. ट्यूब बंद केली की शरीर पुन्हा जागं होतं आणि आता त्याला दुप्पट मोठा शत्रू दिसतो, म्हणून खाजही दुप्पट. मग माणूस पुन्हा ट्यूबकडे धावतो. स्टेरॉइडमुळे नायट्याचं रूपच पालटतं, इतकं की डॉक्टरही फसतात. याला वैद्यकात १९६८ सालीच 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेला नायटा, असं नाव मिळालेलं आहे. म्हणजे हे धोके काल-परवा कळले असं कुणाला म्हणता येणार नाही.

जांघेतले ते वळ जात नाहीत. नायटा बरा झाला तरी वळ जन्माचे राहतात. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालच्या लालीवर आई हीच ट्यूब लावते तेव्हा गोष्ट आणखी गंभीर होते. बाळाची कातडी पातळ, त्यावर लंगोट घट्ट, औषध थेट रक्तात उतरतं. चेहरा सुजून गोल होतो, वाढ मंदावते. चेहरा उजळ करायला हीच ट्यूब लावणाऱ्या मुलींची अवस्था त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि ट्यूब सोडवत नाही.

यावर पहिली सूचना नेहमी एकच असते. चिठ्ठीशिवाय त्वचेचं कुठलंही औषध द्यायलाच बंदी करा. मला हे मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगते.

आमच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येतात. त्यांच्याकडे जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, वर फी. जांघेतला, स्तनाखालचा नायटा दाखवायचा म्हटलं की बायका महिनोन् महिने गप्प बसतात. माझ्याकडे त्या बोलतात कारण मी बाई आहे आणि दुकान रस्त्यावर आहे. हातावर किंवा पाठीवर एखादा ताजा, रुपयाएवढा चट्टा असेल, त्यावर आधी काहीही लावलेलं नसेल, तर क्लोट्रिमॅझोलचं किंवा मायकोनॅझोलचं साधं मलम पुरतं. ते स्वस्त आहे, त्यात स्टेरॉइड नाही, त्याने कुणाच्या जांघेत वळ उठत नाहीत. हे मलम चिठ्ठीच्या कुलपात बंद केलं तर यंत्रमागावरचा कामगार त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणार नाही. तो टपरीवरून काहीतरी आणेल, नाहीतर बॅटरीचं पाणी लावेल. असं पाणी लावून भाजलेली मांडी मी पाहिलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. साधं बुरशीनाशक मलम मेडिकलमध्ये सहज मिळालंच पाहिजे, आणि नायट्याच्या नावावर खपणारी स्टेरॉइडमिश्रित ट्यूब बनतासुद्धा कामा नये. आज दोन्ही ट्यूबा एकाच खणात शेजारी-शेजारी पडलेल्या असतात, आणि सगळा गोंधळ त्या खणात आहे. 'दुकानातून औषध घेऊ नका' असं म्हणताना आपण दोन्हींना एकाच तराजूत टाकतो. लोक ऐकत नाहीत, कारण दुकानाशिवाय त्यांना पर्याय नाही.

कायद्याचा इतिहास पाहिला तर तिथेही मुद्दा निसटलेला दिसतो. औषधांचा कायदा १९४०चा, नियम १९४५चे. चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच. त्या यादीत स्टेरॉइडं होती, पण यादीच्या टिपेत बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. त्या एका सवलतीच्या आधाराने क्लोबेटासॉलसारखं जहाल औषध दशकानुदशकं टूथपेस्टसारखं विकलं गेलं. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, यावर वर्षानुवर्षं ओरडत होती. स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध त्यांनी स्वतंत्र कृतिगट नेमला. अखेर २०१८ साली केंद्र सरकारने लावायच्या चौदा स्टेरॉइडांची सूट काढून घेतली. त्या दिवसापासून ही ट्यूब चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आहे.

दुसरीकडे मिश्र औषधांचा खटला चालू होता. राज्यांचे परवाना अधिकारी केंद्राच्या मंजुरीविनाच नव्या मिश्रणांना परवाने देत सुटले होते, यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१२ मध्ये बोट ठेवलं. मग प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यात नायट्याची काही मलमंही होती. पण बंदी विशिष्ट मिश्रणावर असते. चारातला एक घटक काढला किंवा बदलला की कागदावर ते वेगळं औषध होतं. खोका तसाच, झाकणाचा रंग तसाच, गिऱ्हाइकाला फरक कळायचं कारण नाही.

चिठ्ठीच्या सक्तीचं काय झालं ते आम्ही दुकानदार जाणतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, शेड्यूलचं औषध चिठ्ठीवरच द्या, यासाठी त्यांनी परवान्यांवर कारवाया केल्या. औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. तेव्हा आमच्या पंचक्रोशीतल्या कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं फक्त सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं होतं आणि तो माणूस भलत्याच गावी नोकरीला होता. त्या काळात पहिल्यांदा दुकानं खऱ्या अर्थाने हादरली. मला त्या कडकपणाचा रागही आला होता आणि आनंदही झाला होता, कारण मी स्वतः काउंटरमागे उभी राहणारी होते. नंतर सगळं पुन्हा सैल झालं. आज पुन्हा तपासणी कडक करा, असं मी जरूर म्हणेन. पण केवळ त्याने हा प्रश्न सुटणार नाही, याचं कारण आमच्या दुकानाबाहेर आहे.

माझ्या हातात येणाऱ्या चिठ्ठ्या मी वाचते. नायट्यासाठी स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लिहिलेल्या चिठ्ठ्या रोज येतात, आणि त्या शिकलेल्या, नोंदणीकृत डॉक्टरांच्या असतात. दवाखान्यात शंभर पेशंट, एकेकाला दोन मिनिटं. पेशंटला दोन दिवसांत आराम पडला नाही तर तो डॉक्टर बदलतो, हे डॉक्टरला माहीत असतं. साध्या मलमाने खाज थांबायला आठवडा लागतो, स्टेरॉइडने एक रात्र. या शर्यतीत साधं मलम कधीच जिंकत नाही. मग चिठ्ठीवर आणली काय किंवा चिठ्ठीविना आणली काय, कांडीवालीच्या कंबरेवर जाते ती तीच ट्यूब. औषध बाजारातच नसेल तेव्हाच ही शर्यत थांबेल.

दुकानदारांचं उत्तर मला पाठ आहे, कारण कित्येक वर्षं तेच मी स्वतःला देत होते. मी नाही दिली तर पलीकडचा देईल, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच लागेल. शिवाय या ट्यूबवर स्कीम असते, दहावर एक-दोन फुकट. मीही ती विकली आहे. किती घरांत माझ्या हातून गेली, हा आकडा मला काढता येणार नाही, आणि त्या वर्षांत अशाच एखाद्या कांडीवालीच्या ट्यूबवर आमच्याच दुकानाचं चिकटवलेलं लेबल असण्याची शक्यता मी त्या दिवशी मनातून पुसू शकले नाही. साताठ वर्षांपूर्वी मी ती ठेवणं बंद केलं. काही गिऱ्हाइकं तुटली. ती ट्यूब पलीकडच्या दुकानात गेली, हे खरंच आहे. म्हणूनच एकट्या दुकानदाराच्या सदसद्विवेकावर हा प्रश्न सोडू नका, असं मी सांगते.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं माझ्या म्हणण्याचा अर्थ कुणी काढू नये. कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या शोधाला १९५० मध्ये नोबेल मिळालं ते उगाच नाही. इसब, सोरायसिस असलेल्या माणसाला योग्य ताकदीचं, योग्य दिवसांपुरतं स्टेरॉइड मिळालं तर त्याची झोप परत येते. त्यासाठी एकट्या स्टेरॉइडच्या ट्यूबा आहेत, आणि त्या चिठ्ठीवर राहू द्याव्यात. बुरशीच्या औषधात ते मिसळून 'खाजेचं मलम' म्हणून विकण्याला मात्र मला एकही वैद्यकीय कारण पटत नाही.

आणि आता प्रश्न आपल्या अंगणापुरता राहिलेला नाही. पूर्वी नायटा हा दोन आठवड्यांचा आजार होता. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्या, वर मलम, संपलं. गेल्या दहा-बारा वर्षांत डॉक्टर सांगू लागले की टर्बिनाफिन चालत नाही, चट्टे अंगभर पसरतात, घरच्या घर पछाडलं जातं. भारतातल्या या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच इंडिया. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकात हिच्यात बदल झालेला असतो, म्हणून औषध लागू पडत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले दोन रुग्ण नोंदले गेले, दोन्ही स्त्रिया. त्यातल्या एकीने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. ही बुरशी का माजली याची कारणं अनेक असतील, गर्दी, उकाडा, तंग कपडे, अर्धवट सोडलेले उपचार. पण आपले त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडमिश्रित मलमांकडे सातत्याने बोट दाखवत आले आहेत, आणि काउंटरमागून मला जे दिसलं ते त्यांच्या म्हणण्याशी जुळतं.

आमच्या आजीकडे नायट्यावर टाकळ्याचा पाला वाटून लावत. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्नही, दद्रु म्हणजे नायटा. पावसाळ्यात टाकळा उगवतो आणि पावसाळ्यातच नायटा. पाल्याने सगळे नायटे जात असतील असं मी म्हणणार नाही, आजच्या बुरशीपुढे तर नाहीच. पण सरकारी दवाखान्यात मिळणारं बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं जुनं व्हिटफिल्ड मलम घ्या, नाहीतर टाकळा घ्या, आपल्या जुन्या उपायांत शरीराची लढाई बंद पाडणारं काही नव्हतं. तो प्रकार आपण गेल्या काही दशकांत बाजारातून विकत आणला.

साधं मलम घेऊनही लोक हरतात ते वापराच्या पद्धतीने. चट्ट्याच्या मधोमध बोट फिरवून भागत नाही, बुरशी कडेला जिवंत असते, म्हणून कडेच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायचं. दिवसातून दोनदा. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे. हे शेवटचं कुणीच करत नाही. घरात एकाला झालं तर सगळ्यांना तपासायचं. टॉवेल, अंतर्वस्त्रं वेगळी, शक्यतो गरम पाण्यात धुवायची, पावसाळ्यात उन्हाची वाट न बघता इस्त्री फिरवायची, विशेषतः नाडीच्या आणि शिवणीच्या जागी. बायकांनी परकराची नाडी रोज थोडी वर-खाली बांधावी, ओली नाडी घालू नये. हे कुठल्या चिठ्ठीत लिहून येत नाही. हे सांगायला फार्मासिस्ट असतो, पण सांगायला तो दुकानात हवा.

सरकारकडे माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. एकेका मिश्रणाच्या मागे न धावता, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या मलमांचा अख्खा वर्गच बंद करावा, म्हणजे घटक बदलून परत यायची वाट उरणार नाही. तोवर स्टेरॉइड असलेल्या प्रत्येक ट्यूबवर 'यात स्टेरॉइड आहे, नायट्यावर, चेहऱ्यावर आणि बाळाला लावू नका' हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असावं. माझ्यासारखी चष्मेवाली जे भिंग लावून वाचते ते कांडीवाली कशी वाचणार? आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कातडी खरवडून तपासायची सोय हवी. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसतात की नाही, एवढंच. खर्च जवळजवळ नाही. सूक्ष्मदर्शक तिथे क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीसाठी आधीच असतो. बुरशी आहे की इसब, हे या एका पट्टीवर ठरतं आणि चार-चार औषधं एका ट्यूबमध्ये कोंबायचं निमित्तच संपतं.

कांडीवालीला त्या दिवशी मी साधं मलम दिलं, पण फक्त मलमाने हे जाणार नाही हेही सांगितलं. ट्यूब सोडल्यावर पहिले दहा दिवस आग होईल, खाज असह्य वाटेल, तेव्हा जुनी ट्यूब हातात घेऊ नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, असं बजावलं. खोक्यावर बॉलपेनने कधीपर्यंत लावायचं ती तारीख लिहिली. सिव्हिलला त्वचारोगाचा दिवस कुठला ते सांगितलं आणि पाचही जणांना घेऊन जा म्हटलं. ती दोन वेळा येऊन गेली, दुसऱ्या वेळी सासूला घेऊन. गोळ्या सुरू झाल्या होत्या. निघताना तिने पिशवीतून अर्धी राहिलेली जुनी ट्यूब काढून माझ्यासमोर ठेवली. घरात ठेवली तर रात्री हात जातो, म्हणाली.